आयर्लंडमध्ये बर्फ पडणार की वारा सुटणार? हवामानवेड्यांच्या हिवाळी अंदाजांमागचं गणित नेमकं काय आहे?

नोव्हेंबर लागला की आयर्लंडमधल्या काही लोकांचं झोपेचं वेळापत्रक बिघडतं. अमेरिकेच्या 'जीएफएस' या हवामान मॉडेलचे नवे नकाशे दिवसातून चार वेळा येतात आणि त्यातला शेवटचा संच तिथल्या घड्याळाप्रमाणे रात्री दहाच्या सुमारास यायला लागतो. लोक पबमध्ये बसलेले असतात तेव्हा येतो, म्हणून हवामानाच्या हौशी मंडळींनी त्याचं नावच ठेवलंय 'पब रन'. त्यात दहा-बारा दिवसांनंतर पूर्वेकडून गोठवणारी हवा आयर्लंडवर येताना दिसली, की स्क्रीनशॉट फिरायला लागतात. सकाळी युरोपियन मॉडेलचा नकाशा येतो आणि त्यात तीच थंडी फ्रान्सकडे सरकलेली असते. सगळ्यांचा हिरमोड. संध्याकाळी पुन्हा नवा नकाशा, पुन्हा आशा.

हा खेळ मार्चपर्यंत चालतो. बाहेरच्या माणसाला तो निव्वळ टाइमपास वाटेल. पण याच नकाशांमध्ये कधी कधी खरंखुरं संकटही दिसतं. २४ जानेवारी २०२५ ला 'एओविन' वादळ आलं, तेव्हा आयर्लंडमध्ये ७ लाख ६८ हजार घरं-दुकानं अंधारात गेली. २०१८ मध्ये बर्फाने अख्खा देश ठप्प झाला होता. त्यामुळे या अंदाजांत किती तथ्य असतं, किती हौस असते आणि ते इतके वेळा का फसतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

मुळात आयर्लंडमध्ये बर्फ इतका दुर्मिळ का?

नकाशा उघडून पाहिला तर आश्चर्य वाटतं. डब्लिन साधारण ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याच अक्षांशावर अटलांटिक ओलांडून सरळ पश्चिमेला गेलं की कॅनडाचं लॅब्राडोर लागतं. तिथे जानेवारीत उणे १५ अंश म्हणजे रोजचीच गोष्ट. डब्लिनमध्ये मात्र जानेवारीचं सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास असतं आणि गवत हिरवंगार असतं.

याचं श्रेय दोन गोष्टींना जातं. एक म्हणजे उष्ण कटिबंधाकडून ऊब घेऊन येणारा समुद्रप्रवाह. दुसरी म्हणजे वाऱ्याची दिशा. आयर्लंडवर वर्षातला बराचसा काळ वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे समुद्रावरून येतो. आपल्याला नैर्ऋत्य वारा म्हटलं की मॉन्सून आठवतो. आयरिश माणसाला तो बाराही महिने भेटतो, आणि थंडीत तो एखाद्या शेगडीसारखा काम करतो. हिवाळ्यातही तिथल्या समुद्राचं पाणी ८ ते १० अंशांच्या खाली फारसं जात नाही. त्या पाण्यावरून आलेल्या हवेत बर्फ कुठून पडणार?

म्हणून नैर्ऋत्य किनाऱ्यावर वर्षातून जेमतेम पाचेक दिवस बर्फ किंवा बर्फमिश्रित पाऊस दिसतो. उत्तरेकडच्या आतल्या भागात हे दिवस विसेक होतात. जमिनीवर टिकून राहणारा, पोरांना गोळे करून फेकता येईल असा बर्फ त्याहून कितीतरी कमी. दुर्मिळ असल्यामुळेच त्याची एवढी ओढ. नॉर्वेत किंवा कॅनडात रात्री जागून बर्फाची वाट कोण पाहील?

थंडी अगदीच पडत नाही असं मात्र नाही. देशातलं आजवरचं सर्वांत कमी तापमान उणे १९.१ अंश आहे, स्लायगो काउंटीतल्या मार्क्री इथे १६ जानेवारी १८८१ ला नोंदवलेलं. अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१० चा डिसेंबर. त्या वर्षी ऐन नाताळच्या दिवशी मेयो काउंटीतल्या स्ट्रेड इथे पारा उणे १७.५ पर्यंत उतरला होता.

बर्फ आणि वारा: एकाच झोताचे दोन मूड

हौशी मंडळींच्या चर्चेत बर्फ आणि वादळ हे दोन शब्द बरोबरीने येतात. त्यामुळे हिवाळा 'कडक' असला की दोन्ही मिळतं, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हे दोघे एकमेकांचे वैरी असतात.

जमिनीपासून साधारण ९-१० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक वेगवान पट्टा वाहतो. हाच तो जेट स्ट्रीम. उत्तरेकडची थंड हवा आणि दक्षिणेकडची उबदार हवा यांच्या सीमेवर तो तयार होतो. दोन्हीकडच्या तापमानात जितका फरक जास्त, तितका झोत जोरकस.

झोत जोरात आणि सरळ वाहत असेल, तर अटलांटिकवरची कमी दाबाची क्षेत्रं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागून एक आयर्लंडवर आदळतात. वारा, पाऊस, पूर, पडलेली झाडं. पण हवा समुद्रावरची असल्यामुळे तापमान ९-१० अंश. बर्फाचं नाव नाही. झोत मंदावला आणि नदीसारखी वळणं घ्यायला लागला, की मात्र वेगळंच घडतं. ग्रीनलंड किंवा स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसतं, अटलांटिकची वाट अडते आणि मागच्या दाराने, म्हणजे पूर्वेकडून किंवा उत्तरेकडून, कोरडी थंड हवा आत शिरते. बर्फ पडला तर अशा वेळी पडतो.

म्हणजे बर्फाची वाट पाहणारा माणूस खरं तर झोत मोडण्याची वाट पाहत असतो. आणि झोत मोडला नाही, तर बर्फाऐवजी त्याच्या दारात वादळ उभं राहतं.

अमेरिकेत बर्फ, आयर्लंडमध्ये वादळ

एओविनची गोष्ट यासाठीच सांगावी लागते. जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात आर्क्टिकची हवा अमेरिकेत थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत उतरली. न्यू ऑर्लीन्ससारख्या शहरात लोक बर्फात खेळले. ही गोठलेली हवा आणि अटलांटिकची उबदार हवा शेजारी शेजारी आल्या, तापमानातला फरक वाढला आणि जेट स्ट्रीमला जोर चढला. त्याच झोताखाली एक कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि आयर्लंडच्या दिशेने निघालं.

२४ तासांत केंद्रातला दाब साधारण २४ हेक्टोपास्कलने घसरला, तर हवामानशास्त्रात त्याला 'बॉम्ब' म्हणतात. एओविनचा दाब त्याच्या जवळपास दुप्पट वेगाने घसरला. गॉलवे काउंटीतल्या मेस हेड इथे ताशी १८४ किलोमीटरचा सोसाटा नोंदवला गेला. दहा मिनिटांची सरासरी ताशी १४२ किलोमीटर होती. याआधीचा सोसाट्याचा विक्रम जानेवारी १९४५ मध्ये लिमरिक काउंटीतल्या फॉइन्स इथला होता, १८२ किलोमीटरचा. म्हणजे ८० वर्षांचा विक्रम मोडला.

(२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये 'ऑफिलिया' वादळात फास्टनेट दीपगृहावर ताशी १९१ किलोमीटरची नोंद झाली होती. ते दीपगृह समुद्रात एका उंच खडकावर आहे, त्यामुळे जमिनीवरच्या विक्रमांशी तिची तुलना केली जात नाही. त्या वादळात तिघांचा जीव गेला होता.)

एओविनच्या वेळी डोनेगल काउंटीत मोटारीवर झाड पडून एकाचा मृत्यू झाला. संपूर्ण देशाला रेड वॉर्निंग दिलेली होती, शाळा-बस-दुकानं बंद होती, लोक घरात होते. तसं नसतं तर आकडा कुठे गेला असता, याचा अंदाज बांधणं कठीण नाही. पश्चिमेकडच्या काही घरांना वीज परत यायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ लागला. आयर्लंडच्या ग्रामीण भागात अनेक घरांचं पाणी स्वतःच्या विहिरीतून विजेच्या पंपाने येतं आणि घर तापवणारा तेलावरचा बॉयलरही विजेशिवाय सुरू होत नाही. वीज गेली की उजेड, पाणी आणि ऊब तिन्ही एकदम जातात. जानेवारीत.

ज्या वाऱ्याने म्हातारपणाची पेन्शन मिळवून दिली

वाऱ्याच्या गोष्टी आयर्लंडमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितल्या जातात. वाऱ्याचा जोर मोजायची जी ब्यूफोर्ट श्रेणी आजही जगभर वापरली जाते, ती १८०५ मध्ये बनवणारे फ्रान्सिस ब्यूफोर्ट मूळचे आयर्लंडमधल्या नॅव्हनचे. आणि या सगळ्या गोष्टींची मेढी म्हणजे ६ जानेवारी १८३९ ची रात्र. आयरिश इतिहासात ती 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणूनच ओळखली जाते.

आदल्या दिवशी बर्फ पडला होता. ६ तारखेला अचानक हवा विचित्र उबदार आणि स्तब्ध झाली. रात्री वारा सुटला आणि पहाटेपर्यंत थांबला नाही. गवताने शाकारलेली छपरं उडाली, चुलीतल्या निखाऱ्यांनी घरं पेटली, खारं पाणी किनाऱ्यापासून कितीतरी आत उडालं. या वादळात २५० ते ३०० जण गेल्याचं मानलं जातं. तेव्हा ना उपग्रह, ना इशारा, ना तारयंत्राचं जाळं.

गंमत पुढे आहे. ब्रिटिश सरकारने १९०८ मध्ये वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला आणि जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरजूंना पैसे मिळू लागले. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्याच ताब्यात होतं. अडचण अशी की आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनच सुरू झालेली. मग वय सिद्ध कसं करायचं? अधिकारी विचारायचे, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? आठवत असेल तर सत्तरी पार केलेली असणारच. साहजिकच बऱ्याच लोकांना ती रात्र फार चांगली आठवायला लागली.

बर्फाच्या आशेचं शिमला कनेक्शन

आता बर्फाकडे येऊ. झोत मोडणार की नाही, हे ताडण्यासाठी हौशी मंडळी सर्वांत जास्त ज्या निर्देशांकाकडे पाहतात, त्याचं नाव 'नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन'. आइसलँडजवळ कायम कमी दाब असतो आणि अझोर्स बेटांजवळ जास्त दाब. या दोघांतला फरक मोठा असेल तर निर्देशांक धन, म्हणजे पश्चिमेचा वारा जोरात. फरक कमी झाला किंवा उलटला तर निर्देशांक ऋण, म्हणजे थंडीला दार उघडं.

या झोक्याला हे नाव देणारे शास्त्रज्ञ होते सर गिल्बर्ट वॉकर, आणि त्यांनी हे काम केलं भारतात. केंब्रिजचे हे गणिती १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळानंतर त्यांच्यापुढे प्रश्न होता, मॉन्सून दगा देणार की नाही हे आधी कसं ओळखायचं? त्यासाठी त्यांनी जगभरच्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. संगणक नव्हता, कारकुनांची फौज होती. या आकडेमोडीतून प्रशांत महासागरातला झोका सापडला, ज्याला आपण आज एल निनोच्या संदर्भात ओळखतो. आणि अटलांटिकमधला हाही. खात्याचं मुख्यालय तेव्हा शिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्याला हलवलं गेलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही 'शिमला ऑफिस'च म्हणतात. बसच्या थांब्याचं हे नाव पुणेकर रोज घेतात, पण त्याचा धागा डब्लिनच्या बर्फापर्यंत जातो हे फारसं कुणाला माहीत नसतं.

वॉकरना मॉन्सूनचं उत्तर पूर्ण मिळालं नाही. अटलांटिकचा झोकाही महिनाभर आधी नेमका सांगता येत नाही.

ध्रुवावरचा भोवरा फुटला म्हणजे काय होतं?

दुसरी आशा आणखी उंचावर असते. हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर, जमिनीपासून साधारण ३० किलोमीटर उंचीवर, गोठलेल्या हवेचा एक प्रचंड भोवरा फिरत असतो. याला पोलर व्होर्टेक्स म्हणतात. तो घट्ट असेल तर थंडी ध्रुवावर कोंडलेली राहते. कधी कधी खालून आलेल्या लहरींमुळे हा भोवरा डगमगतो, तिथलं तापमान काही दिवसांत ४०-५० अंशांनी वाढतं आणि वाऱ्याची दिशाच उलटते. दहा वर्षांत साधारण सहा वेळा असं होतं. त्याचा परिणाम खाली जमिनीवर झिरपायला दोन-तीन आठवडे लागतात आणि मग जेट स्ट्रीम दक्षिणेकडे ढकलला जाण्याची शक्यता वाढते.

शक्यता वाढते, एवढंच. हा शब्द हौशी चर्चेत सगळ्यात आधी हरवतो.

१२ फेब्रुवारी २०१८ च्या सुमारास भोवरा फुटला आणि महिनाअखेर सैबेरियाची हवा आयर्लंडच्या दारात आली. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीलाही तो फुटला. तेव्हा 'आता मागच्या वर्षीसारखा बर्फ' म्हणून मंडळी सरसावून बसली. झालं काय? तो फेब्रुवारी उलट चांगलाच उबदार गेला. २०१० ची कडाक्याची थंडी तर भोवरा न फुटताच आली होती. जानेवारी २०१३ मध्ये तो फुटला, पण खरा कडाका मार्चमध्ये पडला. गवत वाढलंच नाही, गुरांच्या चाऱ्याचे हाल झाले आणि परदेशातून सुका चारा आणावा लागला. बर्फाचे फोटो काढणाऱ्यांपेक्षा गुरं पाळणाऱ्यांना हे अंदाज जास्त महत्त्वाचे का वाटतात, ते अशा वर्षी कळतं.

२०१८: वराडच्या वराडकरांनी देशाला घरी बसवलं

बर्फ आणि वारा एकमेकांचे वैरी असले, तरी क्वचित ते हातमिळवणी करतात. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच झालं. आधी पूर्वेकडून गोठवणारी हवा आली. ब्रिटिश माध्यमांनी तिला 'पूर्वेचं जनावर' असं नाव दिलं. ती आयर्लंडवर मुक्कामाला असतानाच दक्षिणेकडून, बिस्केच्या उपसागराच्या बाजूने 'एमा' वादळ वर सरकलं. एमाकडे भरपूर बाष्प आणि वारा, जमिनीजवळ शून्याखालची हवा. दोघांची गाठ पडली आणि हिमवादळ झालं. वाऱ्याने बर्फ उडवून रस्त्यांवर, कुंपणांपाशी, दारांपाशी त्याचे ढीग लावले.

तेव्हाचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील मुंबईचे आणि कुटुंब मूळ सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. २०१९ च्या अखेरीस ते या गावी येऊनही गेले. तर या वराडकरांनी १ मार्च २०१८ ला देशाला सांगितलं, दुपारी चारपर्यंत घरी पोहोचा आणि नंतर बाहेर पडू नका. शाळा, बस, रेल्वे, विमानं सगळं बंद. त्याआधीच दुकानांतले पाव संपले होते. रिकाम्या पावाच्या फळ्यांचे फोटो इतके फिरले, की आयर्लंडमध्ये आजही बर्फाचा इशारा आला की पहिला विनोद पावावरच होतो.

त्या आठवड्यात हौशी अंदाजकर्त्यांची कॉलर ताठ होती. पूर्वेकडची थंडी आठ-दहा दिवस आधीच नकाशांत दिसत होती आणि या वेळी ती खरोखर आली होती.

एका अंशाने पाऊस, एका अंशाने बर्फ

मोठं चित्र बरोबर आलं, तरी शेवटचा टप्पा उरतोच. आयर्लंडमधला बर्फ जवळपास नेहमीच काठावरचा असतो. तापमान २ अंश असेल तर पाऊस, १ असेल तर चिखल, शून्य असेल तर शुभ्र बर्फ. म्हणून हौशी मंडळी नुसतं तापमान पाहत नाहीत. दीड किलोमीटर उंचीवरची हवा उणे ८ किंवा त्याखाली आहे का? दवबिंदू शून्याखाली आहे का? हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या थेंबांचं बाष्पीभवन होऊन ती आणखी थंड होते आणि पाऊस पाहता पाहता बर्फ होतो.

पूर्वेचा वारा असेल तर आयरिश समुद्रही खेळात उतरतो. गोठवणारी हवा ८-९ अंशांच्या पाण्यावरून येते, खालून तापते, बाष्प उचलते आणि ढगांच्या लांबच लांब रांगा तयार होतात. अशी रांग ज्या उपनगरावरून जाईल तिथे दोन तासांत पांढरं, आणि पाच किलोमीटरवर कोरडं ठक्क. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मध्ये असलेलं आइल ऑफ मॅन बेट या रांगा अडवतं म्हणून काही भागातल्या लोकांचा त्या बेटावर कायमचा राग आहे. कोणतंही मॉडेल ही रांग नेमकी कोणत्या गल्लीवरून जाईल ते दोन दिवस आधी सांगू शकत नाही. त्यामुळे शेवटचं उपकरण राहतं रस्त्यावरचा दिवा. पडदा बाजूला करून दिव्याच्या प्रकाशात काय पडतंय ते बघायचं. याला मंडळी चक्क 'लॅम्पपोस्ट वॉच' म्हणतात.

नाताळच्या बर्फावर तर तिथे पैजा लागतात. डब्लिन विमानतळावर सरासरी सहाएक वर्षांतून एकदा नाताळच्या दिवशी बर्फ दिसतो. त्यातही जमीन पांढरी व्हायलाच पाहिजे असं नाही, भुरभुरलेला बर्फ दिसला तरी तो मोजला जातो.

दहा दिवसांपुढचा नकाशा खरा मानायचा का?

थोडक्यात उत्तर: नाही. जीएफएस १६ दिवसांपर्यंतचे नकाशे देतं, युरोपियन केंद्राचं मॉडेल १५ दिवसांपर्यंत. म्हणून ते खरे होतात असं नाही. एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं, की सुरुवातीच्या नोंदींतला कणभर फरकही काही दिवसांत पूर्ण वेगळं हवामान देतो. यावर उपाय म्हणून एकच मॉडेल थोड्या थोड्या फरकाने अनेकदा चालवतात. युरोपियन केंद्र एका वेळी ५१ आवृत्त्या चालवतं. त्यातल्या ४० मध्ये थंडी दिसली तर ती बातमी. तिघांमध्ये दिसली तर ती कल्पना. २०२५ पासून याच केंद्राचं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं मॉडेलही रोजच्या कामात आलंय. पाहायला आणखी एक नकाशा वाढला, पण हवामानाची अनिश्चितता काही गेली नाही.

हौशी मंडळींना हे सगळं ठाऊक असतं. दूरच्या नकाशांना त्यांनीच 'स्वप्नबेट' अशा अर्थाचं नाव दिलंय. गडबड होते ती नकाशा त्यांच्या हातून सुटून इतरांच्या फोनवर गेल्यावर. १५ दिवसांपुढचा, ५१ पैकी एका आवृत्तीतला जांभळा डाग 'आयर्लंडवर हिमसंकट' अशा मथळ्याने फिरतो. असे चार मथळे फुकट गेले, की पाचव्या वेळी खरा इशारा आला तरी लोक खांदे उडवतात. यातला खरा धोका हाच आहे आणि त्याला हौशी लोकांपेक्षा क्लिकसाठी मथळे लिहिणारे जास्त जबाबदार आहेत.

आयर्लंडचं अधिकृत हवामान खातं म्हणजे 'मेट एरन'. ते यलो, ऑरेंज आणि रेड अशा तीन रंगांत इशारे देतं. वाऱ्याची सरासरी ताशी ८० किंवा सोसाटा ताशी १३० किलोमीटरच्या वर जाणार असेल तर रेड. २०१५ पासून ब्रिटनबरोबर मिळून वादळांना नावं दिली जातात. नेदरलँड्स नंतर त्यात सामील झालं. एओविनला २१ जानेवारीला नाव मिळालं, म्हणजे वादळाच्या तीन दिवस आधी. विश्वासार्ह इशाऱ्याची मुदत साधारण एवढीच असते, यावरूनच दोन आठवड्यांपुढच्या नकाशाची किंमत कळावी.

हवामान बदलतंय, मग बर्फ संपणार?

कमी होतोय, हे खरं. समुद्र आणि हवा दोन्ही तापत असल्यामुळे काठावरचा बर्फ पावसात बदलण्याचं प्रमाण वाढतं. तरी एखादा २०१० किंवा २०१८ पुन्हा येऊच शकत नाही, असं कुणी म्हणत नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह बंद पडून आयर्लंड गोठेल, ही चर्चाही अधूनमधून उसळते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात तो प्रवाह मंदावणार हे जवळपास नक्की आहे. २१०० पूर्वी तो अचानक कोसळणार नाही, असं समितीला मध्यम खात्रीने वाटतं. 'मध्यम खात्री' हे त्यांचेच शब्द आहेत आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद चालू आहे.

आणखी एक व्यवहाराची बाजू. आयर्लंडची साधारण एक तृतीयांश वीज पवनचक्क्यांतून येते. थंडी घेऊन येणारा उच्च दाब डोक्यावर येऊन बसला, की वारा पडतो आणि हीटरची मागणी वाढते. वादळात उलट, वारा अति झाला की पवनचक्क्या स्वतःहून थांबतात. त्यामुळे बर्फ येणार की वारा, हा प्रश्न वीजपुरवठा सांभाळणाऱ्यांनाही रोज रात्री पडलेला असतो.

मुलगी डब्लिनला शिकतेय किंवा भाऊ कॉर्कला नोकरीला आहे, आणि फोनवर असा एखादा जांभळा नकाशा आला, तर काय बघायचं? आधी तारीख. नकाशा कोणत्या दिवशी निघाला आणि कोणत्या दिवसासाठी आहे. पाच दिवसांहून पुढचा असेल तर पुढे पाठवायची घाई नको. तीन दिवसांच्या आतला असेल तर मेट एरनचा इशारा त्या काउंटीसाठी आहे का आणि कोणत्या रंगाचा आहे, ते पाहायचं. काउंटी महत्त्वाची, कारण डोनेगलला रेड असताना कॉर्कला यलो असू शकतो. रंग ऑरेंज किंवा रेड असेल तर फोन, पॉवर बँक चार्ज करून ठेवायला सांगा आणि पाणी भरून ठेवायला सांगा. पाव त्यांनी आधीच आणून ठेवलेला असेल.